माईच्या पायांवरचा शेंदूर

“मोन्सिन्योर, गुड फ्रायडेला आमची माई हिंदू होते का?”

केझियाने उभं राहून खणखणीत आवाजात विचारलं आणि चर्चच्या हॉलमध्ये बसलेली कन्फर्मेशनच्या, म्हणजे श्रद्धा पक्की करायच्या विधीच्या, वर्गातली पोरं आधी दचकली, मग मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणीतरी म्हणजे जोझेलच. जोझेल आणि अफिया या दोघींनीच तर तिला डिवचलं होतं. “सॅन फर्नांडोला भाषणात पहिली आलीस ना? मग विचारून दाखव. की पाठ केलेलंच तेवढं बोलता येतं?” असं अफिया म्हणाली होती. केझियाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला शिडी लागत नसे. कुणी नुसतं झाडाकडे बोट दाखवलं तरी ही शेंड्यावर.

वर्षभरापूर्वी हीच मुलगी हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा मान खाली घालायची. मग सॅन फर्नांडोच्या शालेय स्पर्धेत मिसने बळेच नाव घातलं, टाळ्या पडल्या आणि केझियाला आपला आवाज सापडला. नवे बूट पायात आले की माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात उगीचच चक्कर मारून येतो, तशी ती तो आवाज घालून गावभर हिंडायला लागली.

मोन्सिन्योर म्हणजे बेटाच्या राजधानीहून, पोर्ट ऑफ स्पेनहून आलेले मोठे पाद्री. लेंटच्या उपासाच्या दिवसांत पोरांना चार चांगल्या गोष्टी सांगायला आले होते. फळ्यावर विषय लिहिला होता, ‘धर्म आणि जगाची शांती’. सगळ्या नद्या समुद्रालाच मिळतात, असं काहीतरी ते बराच वेळ समजावत होते, डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता आणि पोरं पेंगायला आली होती. प्रश्न ऐकून त्यांनाही बरं वाटलं असावं. हसून म्हणाले, “असं का विचारतेस, बाळ?”

इथे केझियाने ‘सहज’ म्हणून खाली बसायला हवं होतं. पुढे कितीतरी दिवस ती हा क्षण आठवायची आणि मनातल्या मनात स्वतःला हाताला धरून खाली बसवायची. पण तेव्हा काही ती बसली नाही.

“म्हणजे बघा मोन्सिन्योर,” ती म्हणाली, “आमच्या बोआ सेकमध्ये माई एकच. वर्षभर ती आमची मरियामाता. पण गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाची, होली थर्सडेची संध्याकाळ झाली की तिला या हॉलमध्ये आणून ठेवतात, आणि मग गुड फ्रायडे संपेपर्यंत ती त्यांची. गावोगावचे हिंदू येतात, तेल वाहतात, तांदूळ वाहतात, बाहेर अंगणात बाळांचं जावळ काढतात. फुलं तर इतकी की माई शिंकत असेल.”

पोरं हसली. ते हसू केझियाच्या अंगावर उन्हासारखं पडलं. आणखी हवंसं वाटलं.

“आणि आमच्या शेजारची राजदाई मावशी आहे ना, ती तर कुणाचं लक्ष नाही बघून माईच्या झग्याची कड उचलते आणि पायांना शेंदूर लावते. दरवर्षी. ती म्हणते, लेकुरवाळी बाई, नवरा चांगला सुतारकाम करतोय, आणि हिचे पाय असे पांढरेफटक. बरं दिसतं का ते?”

आता हॉल खदखदला. अफियाने तर तोंडात स्कार्फ कोंबला. फक्त दोन माणसं हसली नाहीत. एक मोन्सिन्योर, आणि दुसरे दाराशी उभे असलेले गावचे फादर क्लेमेंट. ते आपल्या बुटांकडे बघत होते.

“झग्याखाली?” मोन्सिन्योरांनी सावकाश विचारलं. “मूर्तीला हात लावून?”

तेव्हा कुठे केझिया खाली बसली.

*

शेंदराची ही गोष्ट गावात कुणालाच ठाऊक नव्हती, निदान केझियाला तसं वाटायचं. राजदाई मावशीने ती एकट्या केझियाला दाखवली होती. केझिया तेव्हा मावशीच्या कमरेएवढी असेल. गर्दीत मावशीने तिला पुढे घेतलं, खाली वाकून कानात म्हणाली, “जरा आडोसा धर गं,” आणि केझियाने आपला फ्रॉक दोन्ही बाजूंनी पसरून धरला. मावशीचं लालभडक बोट झटकन आत गेलं आणि बाहेर आलं. “कुणाला सांगायचं नाही. हे माझं आणि हिचं आहे,” मावशी म्हणाली होती. हिचं म्हणजे माईचं. घरी जाताना तिने केझियाला बर्फाचा गोळा घेऊन दिला होता.

मोन्सिन्योरांनी सांगणाऱ्याचं नाव घेतलं नाही, पण राजदाईचं आणि शेंदराचं जाताना चर्चच्या कमिटीला सांगून गेले. रविवारची प्रार्थना झाल्यावर कमिटीच्या माणसांनी माईच्या झग्याची कड उचलली. पाऊल असं राहिलंच नव्हतं. रंग पार उडालेला, काळं लाकूड उघडं पडलेलं, आणि बोटांच्या फटीत बारीक लाल रेघ.

कमिटीच्या त्या माणसांत केझियाचे वडीलही होते. वेंडेल त्यांचं नाव. गावातले एकुलते एक वेल्डर. माईला शेवटचा रंग दिला होता तो वेंडेलच्याच वडिलांनी. त्या दिवशी वेंडेल घरी आले, ताटावर बसले आणि जेवलेच नाहीत. “माझ्या बापाने गुडघे टेकून रंगवले होते ते पाय,” एवढंच म्हणाले. केझियाच्या घशात भाताचं शीत अडकलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते असं.

मग कमिटीने ठरवलं. हॉलमध्ये माईभोवती लोखंडी कठडा बसवायचा. हिंदू येतील त्यांना कुणी अडवायचं नाही, पण त्यांनी कठड्याबाहेर थांबायचं. कन्फर्मेशनच्या वर्गातली मुलं कठड्याच्या आत उभी राहतील, लोकांच्या हातातलं तेल-फूल घेतील आणि माईसमोर ठेवतील. जावळाचा पसारा अंगणात नको, फाटकाबाहेर. जी मुलं हे काम करणार नाहीत, त्यांचं कन्फर्मेशन पुढच्या वर्षी.

आणि कठडा कोण करणार? वेंडेल.

वर्गातल्या पोरांनी मात्र तोंडं शिवून टाकली. निम्म्यांच्या आज्या आणि मावश्या त्याच रांगेत उभ्या राहणाऱ्या. हसले तर सगळेच होते. बातमी कुणी फोडली ते गावाला कळलं नाही.

*

कठडा केझियाच्याच अंगणात वाढायला लागला. शाळेतून घरी यावं तर पिवळ्या फुलांच्या पोईच्या झाडाखाली ठिणग्या उडत असायच्या. पावसाचा पत्ता नव्हता, पलीकडच्या डोंगरावर वाळल्या गवताला आगी लागत होत्या आणि सिकाडा किडे कान किटवत होते. त्या आवाजात वेल्डिंगची चर्रचर्र मिसळायची. काल नुसते दोन गज होते, आज चौकट झाली. केझिया तिकडे न बघता घरात शिरायची.

“काय गं, भाषण संपलं वाटतं?” मम्मी विचारायची. मम्मीचं नाव इंद्रा. “आठवडा झाला, घरात रेडिओ बंद असल्यासारखं वाटतंय.”

“परीक्षा आहे.”

“परीक्षा आधीही असायची.”

एकदा चहाच्या वेळी डॅडी तोंडावरचा वेल्डिंगचा पत्रा वर करून आत आले, तेव्हा मम्मी हळूच म्हणाली, “वेंडेल, कठडा जरा बुटका केलास तर? म्हाताऱ्या बायकांचा हात तरी पोचेल.”

“हात पोचू नये म्हणूनच करतोय ना तो?”

“राजदाईने मुद्दाम नाही केलं ते.”

“राजदाईचं नाव मी घेतलं का? मी तिच्या हातची पुलोरीची भजी खाऊन मोठा झालोय. पण पाय कुणाचे गेले? माझ्या बापाचे.” डॅडींनी चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून आत पडलं. “तूच सांग, इंद्रा. तू तर दोन्हीकडची.”

“दोन्हीकडची म्हणूनच गप्प आहे. लग्नाआधी त्या रांगेत उभी राहायची, लग्नानंतर या बाकावर बसते. मी काहीही बोलले तरी एक बाजू म्हणणार, बघा, शेवटी गेली ना तिकडे.” मम्मीने चमचा घेऊन त्यांच्या कपातलं बिस्कीट काढलं. “आणि बिस्किटावर राग काढू नकोस.”

केझियाला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. तोंड उघडलंही. पण डॅडी तिच्याकडे वळून म्हणाले, “फादर म्हणत होते, तुला अगदी मधोमध उभं करणार आहेत. बोलकी आहेस, लोकांना नीट समजावशील. नेनेन टोरांटोहून खास तुझ्या कन्फर्मेशनसाठी येतेय, धर्ममाता शोभते खरी. झग्यासाठी पांढरं कापड पाठवलंय तिने.” आणि बऱ्याच दिवसांनी ते हसले. त्या हसण्यापुढे केझियाचं उघडलेलं तोंड मिटलं.

*

राजदाई मावशीचं घर कुंपणापलीकडे. तिची मुलगी लीला बाळंतपणाला माहेरी आली ती अजून तिथेच होती. लीलाची आधीची बाळं पोटातच गेली होती. तेव्हा मावशीने माईला नवस बोलला होता, हे एक जगू दे, याचं जावळ तुझ्या अंगणात काढीन आणि माझ्या हाताने तुझ्या पायांवर ठेवीन. शिवान जगला. आता तो धावायला लागला होता आणि डोक्यावरचं जावळ खांद्यावर आलं होतं. डोळ्यांत केस, मानेवर घामोळं, दुकानात बायका ‘काय गोड मुलगी’ म्हणायच्या. पण गुड फ्रायडेशिवाय त्याला कात्री लावायची नाही.

केझिया कुंपणावरून डोकावली, तर मावशी चुलीपाशी पुलोरी तळत होती.

“ये गं, मॅडम. भाषण करणाऱ्या लोकांना आता आमची आठवण कुठली?” मावशीने वाटी पुढे केली. “चटणी तिखट आहे. सांगून ठेवते, मग रडू नकोस.”

शिवान येऊन केझियाच्या गुडघ्याला बिलगला. तिने त्याच्या डोळ्यांवरचे केस मागे सारले.

“काय करायचं याचं, तेच समजत नाही,” मावशी म्हणाली. “फाटकाबाहेर रस्त्यावर जावळ काढू, माझं काही म्हणणं नाही. रस्त्यावरून पण माईला दिसतं. पण पायांवर ठेवायचं कुणी? कठड्याच्या आतलं कुणीतरी पोर. नवस बोलायला माझं तोंड लागलं होतं, फेडायला माझा हात नको?”

“मुलं नीट ठेवतील, मावशी.”

“माझं जेवण दुसऱ्याने जेवलं तर माझं पोट भरतं का?” मावशीने झारा कढईवर आपटला. “लीला रोज त्याच्या कपाळाला हात लावून बघते, ताप तर नाही ना म्हणून. म्हणते, नवस अर्धा राहिला तर. मी तिला म्हणते, माई असली हिशेबी नाही. म्हणते खरी. पण मग मलाही झोप लागत नाही.”

लीला दारात उभी होती. ती येऊन शिवानला उचलून आत घेऊन गेली.

“आणि ज्या तोंडाने हे सांगितलं ना,” मावशी म्हणाली, “त्या तोंडात माझी ही चटणी पडो, वाटीभर.”

केझियाच्या तोंडात तीच चटणी होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“बघ, सांगितलं होतं तिखट आहे म्हणून. पाणी देऊ?”

“मावशी, मी सांगितलं.”

“काय?”

“शेंदराचं. मोन्सिन्योर आले होते तेव्हा. पैज लागली होती. म्हणजे पैज नुसत्या प्रश्नाची होती, बाकीचं मीच बोलले. पोरं हसत होती म्हणून.”

कढईत पुलोरी करपायला लागल्या. मावशीने त्या एकेक करून काढल्या. मग चूल विझवली. पदराला हात पुसले. केझियाला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“खोटं नाही काही बोललीस,” मावशी म्हणाली. “पण ते माझं होतं.”

“मी काय करू आता? सांग ना. तू म्हणशील ते करते.”

“मला का विचारतेस? मोठ्या पाद्र्याला विचार. तुला प्रश्न विचारता येतात ना चारचौघांत.”

मावशीने वाटी उचलली. त्यात अजून पुलोरी होत्या. ती वाटी घेऊन ती आत गेली आणि तिने दार लोटलं. आजवर त्या घराचं दार दिवसाउजेडी केझियाने लोटलेलं बघितलं नव्हतं.

*

सांगून टाकलं की मन हलकं होतं, असं केझियाने आपल्या बक्षीस मिळालेल्या भाषणातच म्हटलं होतं. ‘मनाची शांती हीच जगाच्या शांतीची पहिली पायरी’ वगैरे. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. आता सांगून टाकलं होतं आणि मन होतं त्याहून जड झालं होतं. ते भाषण लिहिणाऱ्या मुलीला गाठून एक चिमटा काढावा असं तिला वाटलं.

शनिवारी दुपारी ती चर्चमध्ये पापनिवेदनाला गेली. जाळीपलीकडे फादर क्लेमेंट बसले होते.

“फादर, माझ्या हातून पाप झालंय.”

“केझिया, हळू बोल. बाहेर मिस ग्लोरिया बसल्यात, आणि त्यांचे कान माझ्याहून चांगले आहेत.”

तिने आवाज खाली आणून सगळं सांगितलं. फादरना त्यातलं निम्मं ठाऊकच होतं. पण मावशीने दार लोटलं, लीला रोज बाळाचं कपाळ चाचपते, हे ऐकून त्यांनी जाळीला कपाळ टेकवलं. मग म्हणाले, “तुझं ऐकलं. देव क्षमा करतो. आता मागच्या खोलीत थांब. तिथे मी जे सांगणार आहे ते पापनिवेदन नाही. ते माझं आहे.”

मागच्या खोलीत मेणबत्त्या आणि झगे ठेवायचं कपाट होतं. फादरनी खालच्या फळीवरून एक बाटली काढली आणि एक फडकं. बाटली टर्पेंटाइनची. फडकं कधीकाळी पांढरं असावं, आता तांबूस झालेलं.

“तेलात कालवलेला शेंदूर पाण्याने जात नाही,” ते म्हणाले. “मी या गावात आलो त्या पहिल्याच ईस्टरला मला तो दिसला, आणि लावणारीही. राजदाईला नको म्हणावं तर ती दुखावणार. कमिटीला कळलं तर ती भडकणार. मग मी काय केलं, हॉल रिकामा झाला की दरवर्षी याने पुसून टाकायचो. शेंदराबरोबर रंगही यायचा थोडाथोडा. मला वाटायचं, झग्याखाली कोण बघतंय?”

केझिया बाटलीकडे बघतच राहिली. “म्हणजे रंग शेंदराने नाही गेला? तुम्ही घालवलात?”

“हो, मी. शेंदूर लाकडाचं काय वाकडं करणार आहे?”

“पण मग त्या दिवशी, सगळ्यांनी पाय बघितले तेव्हा, तुम्ही तिथेच होतात.”

“होतो ना.” फादर खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसले. “गावात कुणी भांडत नव्हतं, केझिया. दोन्हीकडचे लोक मला बरा माणूस म्हणत होते. मी त्यालाच शांती म्हणत होतो. ती या फडक्यावर उभी होती.”

“मग आता सांगा ना कमिटीला. डॅडींना सांगा. कठडा अजून अंगणातच आहे, बसवलेला नाही.”

“सांगायला हवं.”

“कधी?”

“ईस्टर नीट पार पडू दे,” फादर म्हणाले आणि बाटली पुन्हा होती तिथे ठेवली.

केझिया तरातरा बाहेर पडली. रस्त्यावर जोझेल आणि अफिया मॉबीच्या कडसर सरबताची बाटली दोघींत पीत बसल्या होत्या.

“एवढा वेळ?” जोझेल म्हणाली. “आम्हाला वाटलं, फादरनी तुला आतच ठेवून घेतलं, नन करून.”

“काय म्हणाले गं?” अफियाने विचारलं. “तुझं तोंड बघ, काहीतरी मोठं आहे. सांग ना. माझी शपथ.”

एका वाक्याचं काम होतं. फादरनीच रंग घालवला. दिवे लागेपर्यंत गावभर झालं असतं. मावशी सुटली असती, डॅडींचा राग दुसरीकडे गेला असता, कठड्याचे गज वेगळे करून कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्याला लागले असते. आणि केझिया पुन्हा सगळ्यांच्या मधोमध उभी राहून बोलली असती. वाक्य जिभेवर आलं होतं, कढईतून काढलेल्या पुलोरीसारखं, चटका देणारं. त्या तांबूस फडक्याशेजारी बसलेले फादर तिच्या डोळ्यांपुढे आले. ‘ते माझं आहे’ म्हणाले होते.

तिने ते वाक्य तसंच गिळलं.

“काही नाही. प्रार्थना म्हणायला सांगितल्यात,” ती म्हणाली.

“खोटारडी,” अफिया म्हणाली, पण मॉबी पुढे केली.

*

घरी जायच्या आधी ती कुंपणापाशी थांबली. मावशी दोरीवरचे कपडे काढत होती. तिने केझियाला बघितलं आणि कपडेच काढत राहिली.

“मावशी, गुड फ्रायडेला मी तुझ्याबरोबर उभी राहिले, तर चालेल?”

“रस्ता सरकारचा आहे. कुठेही उभी राहा.”

“रस्त्यावर पण, आणि आत पण. कठड्याच्या बाहेर. तुझ्या बाजूला.”

मावशीने शिवानचा सदरा झटकला. चिमटे तोंडात धरले असल्यामुळे तिला काही वेळ बोलता येत नव्हतं, किंवा बोलायचं नव्हतं म्हणून तिने चिमटे तोंडात धरले असतील. केझिया उभीच राहिली. आज तिला बोलायची घाई नव्हती.

“त्याने तुझ्या आईबापाचं काय होणार?” मावशीने शेवटी विचारलं.

“ते मी बघते.”

“कन्फर्मेशन?”

“ते पण.”

मावशी टोपली कमरेवर घेऊन घराकडे निघाली. पायरीवर थांबली. मागे न वळता म्हणाली, “शिवान फार वळवळतो. न्हाव्यापुढे कुणीतरी घट्ट धरून बसायला लागेल. लीलाचे हात कापतात.”

दार या वेळी अर्धं उघडं राहिलं. पुलोरी काही तिने विचारली नाही. अजून ते बाकी होतं, आणि ते केझियाला कळत होतं.

अंगणात डॅडी कठड्याला काळा रंग देत होते. मम्मी पायरीवर बसून मटाराच्या शेंगा सोलत होती. केझिया मधे जाऊन उभी राहिली. तिचा तो खणखणीत आवाज तिने शोधला, पण तो काही वेळेवर आला नाही. आला तो साधाच, जरा चिरकलेला.

“डॅडी, ब्रश खाली ठेवा ना. मला बोलायचंय.”

“बोल की. कानाने रंग देतोय का मी?”

“मोन्सिन्योरांना शेंदराचं मी सांगितलं. मावशीने ते मला विश्वासाने दाखवलं होतं. मी पोरांना हसवायला सांगितलं.”

डॅडींनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. मम्मीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“तू?” डॅडी म्हणाले. “बरं. चांगलं नाही केलंस. पण झालं ते खरंच होतं ना? पाय तर गेलेच होते. बघितले मी माझ्या डोळ्यांनी.”

“पाय कसे गेले ते तुम्ही फादरना विचारा.”

“फादरना कशाला? तुला माहीत आहे का काही?”

“मी सांगणार नाही, डॅडी. मारलंत तरी नाही. ज्याचं आहे तो सांगेल. तुम्ही फक्त विचारा.”

डॅडींनी मम्मीकडे बघितलं. मम्मीने खांदे उडवले, पण ती लेकीकडे अशी बघत होती, जशी बाजारात ओळखीचं माणूस पाठमोरं दिसल्यावर बघावं, तीच का ही, म्हणून.

“एवढंच?” डॅडींनी विचारलं.

“नाही. एवढंच नाही.” केझियाने हात मागे बांधले. “मी कठड्याच्या आत उभी राहणार नाही. गुड फ्रायडेला फाटकाबाहेर शिवानला मांडीवर घेऊन मी बसणार आहे. मग मावशीबरोबर रांगेतून आत येणार आहे. ती जावळ कुणाच्या हातात देणार नाही, ते तिला स्वतःला ठेवायचंय. ठेवू दिलं नाही, तर ती कठड्याशी उभी राहील आणि मीही तिच्या शेजारी उभी राहीन. मागची रांग अडली तर अडू दे. कन्फर्मेशन यंदा नाही झालं, तर पुढच्या वर्षी करा. नेनेनला मी आजच फोन करून सांगते, कापड जपून ठेवलंय म्हणून.”